ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) बघायला कोणती तिथी धरावी?

रंकाळाकर:
फेब्रुवारीत आम्ही चौघं कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य बघणार. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट मिळते, पण तिची वेळ रोज बदलते म्हणे. रविवारच धरू का? दुर्बीण 8×42 आहे, चालेल?

पाऊणपट:
वार राहू दे, आधी तिथी बघा. बोट भरतीच्या पाण्यावर चालते, ओहोटीला नुसता चिखल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते निघतं: चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा अंदाज आहे. खाडीत आत पाणी जरा उशिराच चढतं, म्हणून बुकिंग करताना केंद्राकडून वेळ पक्की करून घ्या.
तुम्हाला द्वादशी-त्रयोदशी सोयीची, सकाळी पोचून नऊ-पावणेदहाची भरती गाठता येते. कल्याणला उतरून लोकलनं ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरनं ऐरोली, पुढं रिक्षा. अष्टमी-नवमी नको. भांगाची भरती असते, पाणी जेमतेम चढतं.

चिखलवाट:
वरचं बरोबर, पण ऐन भरतीची फेरी मागू नका राव. चिखल बुडाला की थवे उठून नेरुळकडच्या तळ्यांवर विसाव्याला जातात. पाणी उतरायला लागल्यावरची फेरी घ्या. कडेचा चिखल उघडा पडला की पक्षी चरायला परततात.
बहुतेक ‘लहान रोहित’ या जातीचे दिसतील: चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. ‘मोठा रोहित’ ही दुसरी जात, त्याची चोच फिकट गुलाबी, टोक तेवढं काळं, आणि मानही लांब. करडी-मळकट दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे.
8×42 उत्तम. 10× बोटीत हलते. तिपाई घरीच ठेवा.

रंकाळाकर:
आणि बोट रद्द झाली तर?

चिखलवाट:
केंद्रातल्या कांदळवनातल्या लाकडी वाटेवर फिरा, ओहोटी असली तर जास्तच चांगलं. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, श्वासासाठी. कोरड्या दिवशी त्याच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं. बिळाशी एकच नांगी मोठी असलेला खेकडा दिसला तर तो नर. त्याला बघायचं तर सावली न पाडता दोन मिनिटं गप उभं राहायचं.

पाऊणपट:
टोपी आणि पाणी विसरू नका, बोटीत सावली मिळेलच असं नाही. कपडे मळखाऊ रंगाचे घाला.