मायनिंग परत आलं, विहिरीतलं मँगनीज कोण मोजणार?

डिचोलीकर: 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या गोव्यातल्या 88 खाण-लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं. आता लिलावात दिलेले खाणींचे ब्लॉक सुरू झालेत आणि चर्चा पुन्हा धूळ, ट्रक, रोजगार याच्यापुढे जात नाही. आमच्या विहिरीचं पाणी काढताना नितळ असतं, रात्रभर बालदीत ठेवलं की तळाला काळपट थर बसतो. विरघळलेलं मँगनीज हवा लागली की असंच काळं पडतं. पाणी तपासा म्हटलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

बार्जवाला: 'जड धातू' म्हणून लोकांना घाबरवू नका. शिसं, पारा इथे कोण गाळतो? आमचं बहुतेक लोहखनिज कच्चंच जहाजात चढायचं. त्यात गंधकही नगण्य, त्यामुळे इतर खाणींसारखं आम्लाचं पाणी वाहत नाही. 2012च्या खाणबंदीत माझी बार्ज (खनिज वाहणारी बोट) धक्क्याला बांधली, हप्ते चालूच. नदीचा लाल रंग गेला का?

वायंगणवाला: कसा जाईल? खणणं थांबलं, ढिगारे तिथेच राहिले! एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती निघते, ती दर पावसात ओहोळातून खाली येते. आमच्या भाताला विचारा. गाळ बसलेल्या शेतात पाणी तुंबलं की मुळांशी हवा राहत नाही, लोह विरघळून रोपात चढतं, पानं तांबूस होऊन करपतात. पारा नाही म्हणून काय आरती ओवाळू?

बार्जवाला: शेताचं मान्य. पण जांभा सगळीकडे आहे, लाल पाणी आजोबांनीही पाहिलंय. त्यातलं खाणीचं किती?

डिचोलीकर: तेच मोजा म्हणतोय ना! पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोय नसेल तर 0.3. खाणीच्या वरच्या अंगाची एक विहीर घ्या, खालच्या अंगाची एक, मे महिन्यात आणि भर पावसात. फरक दिसेल, नाहीतर दिसणार नाही. जिल्हा खनिज निधी याच गावांसाठी आहे, त्यातून होऊ दे.

सांगेकर: विहिरीच कशाला, साळावली धरणाच्या पाण्यातही मँगनीजने त्रास दिलाय. धरणाच्या तळाशी प्राणवायू संपला की गाळातलं वर सुटतं.

बार्जवाला: बरं, खालच्या अंगाची विहीर माझी घ्या. पण रिपोर्ट चांगला आला तरी इथे टाकायचा, दडपायचा नाही.

डिचोलीकर: टाकतो. बाटली भरताना तुम्ही समोर उभे राहा.