मदत हवी आहे : मुंबई महापालिकेच्या मुंबईबाहेरच्या जमिनींची कागदपत्रे

नमस्कार मंडळी. आम्ही शहापूर तालुक्यातले. तानसा धरण आमच्याच तालुक्यात, १८९२ पासूनचं, पण मालक मुंबई महानगरपालिका. मोडकसागर आणि २०१४ मध्ये सुरू झालेलं मध्य वैतरणाही तिचंच. (भातसा मात्र राज्य सरकारचं, यात बरेच जण गल्लत करतात.) धरणांचं सगळ्यांना ठाऊक असतं. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची पट्टी, सेवारस्ते, कर्मचाऱ्यांच्या जुन्या चाळी यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गावातल्या शाळकरी मुलांसोबत याचा नकाशा करतोय. पाणी कुठून कुठे जातं आणि त्यासाठी कुणाची जमीन गेली, हे त्यांना कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

काही गटांचे सातबारे काढले, पण जुने फेरफार आणि भूसंपादनाचे निवाडे हवे आहेत. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतील की जिल्ह्याला जावं लागेल? माहिती अधिकाराचा अर्ज महापालिकेच्या जलअभियंता खात्याकडे करावा की मालमत्ता खात्याकडे? मोजणीचे जुने नकाशे कुणी भूमी अभिलेख कार्यालयातून काढले असतील, तर अर्जात नेमकं काय लिहिलंत तेही सांगा. पुढच्या ग्रामसभेत नकाशा मांडायचा आहे.