एका कुळातल्या सगळ्याच जाती एका ठिकाणी: हे जमतं कसं?

तळ्याकाठी: मांजर कुळातच चाळीसेक जाती आहेत, त्या सगळ्या एका आवारात मिळणं अवघडच. पण एखाद्या कुळातली एकूण एक जात पाळणारं ठिकाण जगात आहे का? वेगवेगळ्या हवामानातले प्राणी तिथे कसे टिकतात?

पाणथळ: आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबू गावी इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे. जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉई यांनी ते 1973 साली सुरू केलं. क्रौंच कुळातल्या 15 च्या 15 जाती तिथे आहेत, आपला सारस धरून.

खरी अडचण हवामानाची. आफ्रिकेतल्या तुरेवाल्या क्रौंचांना तिथल्या बर्फाळ थंडीत उबदार खोली द्यावीच लागते, नाहीतर बोटं गोठून झडतात. सायबेरियन क्रौंचाचं नेमकं उलट आहे. थंडी त्याला सोसते, उजेड कमी पडतो. उत्तर ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात रात्र जवळजवळ नसतेच, आणि तेवढा मोठा दिवस मिळाल्याशिवाय मादी अंडी घालत नाही. म्हणून विणीच्या हंगामात पिंजऱ्यावर मोठे दिवे लावून दिवस वाढवतात. 1981 साली तिथे या जातीचं पिल्लू जन्मलं.

जोड्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर मध्ये आडोसा हवाच. नाहीतर नर दिवसभर कुंपणापाशी भांडत राहतात आणि वीण बाजूला पडते. कुंपणाची डागडुजी झाली की तारेचा तुकडा अन् तुकडा वेचायचा. क्रौंच मातीत चोच खुपसून दिसेल ते गिळतो, आणि तार पोटात भोक पाडते.

अंडज: विणीबद्दल थोडं. पंख छाटलेल्या नराला मादीच्या पाठीवर तोल सांभाळता येत नाही, अंडी फळत नाहीत. त्यामुळे कृत्रिम रेतन करावं लागतं. बहुतेक जाती दोन अंडी घालतात. ती लगेच उचलली तर जोडी पुन्हा घालते, म्हणून पहिली अंडी उबवणी यंत्रात साधारण 37.5 अंश सेल्सियसला ठेवतात. अंडं नियमित तोलायचं. पिल्लू बाहेर येईपर्यंत सुमारे 15 टक्के वजन घटायला हवं. कमी घटत असेल तर यंत्रातली आर्द्रता उतरवायची.

सगळ्यात जास्त घोळ पिल्लांच्या पायांत होतो. प्रथिनं जास्त झाली की वजन झपाट्याने वाढतं आणि कोवळे पाय वाकडे होतात. अशा वेळी खाणं आवरायचं, रोज चालवायचं, पोहायला सोडायचं. दोन पिल्लं एकत्र ठेवू नयेत, मोठं धाकट्याला टोचून मारतं.

रानात सोडायच्या पिल्लांना माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही. पांढरा झगा घालून, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरून भरवतात. परक्या जातीच्या पालकांकडे वाढवणंही महागात पडतं. आयडाहोतल्या ग्रेज लेकला 1975 पासून हूपिंग क्रौंचाची अंडी सँडहिल क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली. पिल्लं जगली, पण मोठेपणी त्यांनी आपल्याच जातीशी जोड्या जमवल्या नाहीत.

सुसर: मगरींचंही असं ठिकाण आहे, फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन अ‍ॅलिगेटर फार्म, 1893 पासूनचं. पण तिथे संच पुरा म्हणावा तोवर आकडाच बदलतो. न्यू गिनीची मगर एकच जात समजत होते. 2019 मध्ये संग्रहालयांतल्या कवट्या मोजून दक्षिणेकडची वेगळी जात ठरली, आणि या फार्मातल्या जिवंत मगरींत दोन्ही ओळखता आल्या. कुठून आणलं याची नोंद प्रत्येक जनावरामागे हवी ती यासाठीच. नाहीतर दोन जातींचा संकर होत राहतो.

तळ्याकाठी: मग गोंदियाच्या सारसांसाठी असं प्रजनन उपयोगी पडेल का?

पाणथळ: आधी नको. भातखाचरं आणि तळी टिकली नाहीत तर सोडलेलं पिल्लू जाणार कुठे? विजेच्या तारांवर ठळक खुणा लावणं, घरट्याभोवतालचं भात पिल्लं निघेपर्यंत न कापणं आणि त्याची भरपाई शेतकऱ्याला वेळेवर देणं, यावर आधी पैसा घालावा.