७०२ची गळती ‘मिनिटेड’ झाली म्हणजे नक्की काय झालं?

मंगला काकू ७०२ (८:१२): नितीन, सोसायटीच्या सभेचं पीडीएफ टाकलंयस ते बघितलं. पान ३. ‘टेरेस लीकेज ॲट ७०२ वॉज मिनिटेड.’ जावयांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले माय-न्यूट म्हणजे सूक्ष्म. माझी गळती सूक्ष्म? परवा रात्री छताचा पोपडा उशीवर पडला. बशीएवढा होता. ठेवलाय जपून.

मंगला काकू ७०२ (८:१३): फोटो

अमोल ६०३ (८:१४): काकू बशी कुठली, चहाची की वरणाची 😀

नितीन सेक्रेटरी (८:१६): काकू नमस्कार. तसा अर्थ नाहीये. गाडीत आहे, घरी पोचून सविस्तर लिहितो 🙏

मंगला काकू ७०२ (८:१७): घरी नको. आधी वर ये.

राणे १०१ (८:१९): स्टिल्ट पार्किंग नं. ७. माझे २ जुलैचे पत्र. उत्तर नाही.

श्रेया ५०१ (८:२१): काकू ते मिनिटेड आहे, माय-न्यूट नाही. माय-न्यूट म्हणजे बारीक, ते विशेषण. त्याला एड लागत नाही. हे क्रियापद वेगळं. मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, एखादी गोष्ट लिहिली की ती मिनिटेड. उच्चार घड्याळातल्या मिनिटासारखा.

अमोल ६०३ (८:२२): मॅगी टू मिनिटेड

मंगला काकू ७०२ (८:२४): बरं. लिहिलं. मग?

मंगला काकू ७०२ (८:२४): लिहिलं म्हणजे करणार की नुसतं लिहिलं?

शहा खजिनदार (८:२७): मंगलाबेन, सगळं सिस्टिममध्ये आहे. चिंता नको.

मंगला काकू ७०२ (८:२८): सिस्टिममध्ये गळत नाही ना शहाभाई, माझ्याकडे गळतंय.

सावंत साहेब २०३ (८:३५): वहिनींचा प्रश्न रास्त आहे. ३४ वर्षे शासनाच्या फायली हाताळल्या म्हणून चार शब्द. इंग्रजी अमलात मिनिट म्हणजे साहेबाने फाइलवर लिहिलेले टिपण. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी शिक्षणाविषयी लिहिले, त्याला मेकॉलेचे मिनिटच म्हणतात. ते कुठल्या सभेचे इतिवृत्त नव्हते, त्याचे स्वतःचे मत होते. त्यावर गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंकने मार्चमध्ये ठराव काढला, तेव्हा त्याचे धोरण झाले. म्हणजे टिपण वेगळे, ठराव वेगळा. शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ ‘लहान केलेले’. तासाचा पहिला लहान भाग मिनिट, दुसऱ्यांदा लहान केला तो सेकंद.

अमोल ६०३ (८:३६): तिसऱ्यांदा लहान केली ती आपली पाण्याची वेळ

देशमुख ४०१ (८:३७): त्यावर लाइक 👍 आज पण ६:४० ला बंद. टँकर कुणाकडे वळतात माहीत आहे.

शहा खजिनदार (८:३८): देशमुखजी, पुरावा असेल तर बोला.

देशमुख ४०१ (८:३८): बोललो तर मिनिट होईल 😀

केदार ५०२ लीड्स (८:४४): सगळ्यांना नमस्कार. इथे इंग्लंडात ऑफिसात हा शब्द रोज ऐकतो. मीटिंगमध्ये कुणी ‘कॅन वी मिनिट दॅट?’ म्हणालं की टेबलाभोवतीचे सगळे सावरून बसतात. कारण नंतर ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणायची सोय जाते. पण काकू, तेवढंच. काम होणार असं त्यात कुठेही नाही. काम व्हायचं असेल तर त्या ओळीपुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख लागते.

मंगला काकू ७०२ (८:४६): शाबास केदार. आई कशी आहे?

केदार ५०२ लीड्स (८:४७): बरी आहे काकू. गुडघा दुखतो थंडीने.

शहा खजिनदार (८:४९): केदारभाई ऑनलाइन आहात तर आठवण करतो. फ्लॅट भाड्याने दिल्याचे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस दोन क्वार्टर बाकी.

केदार ५०२ लीड्स (८:५२): शहाजी, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ते लावता येत नाहीत. शासनाने २००१ मध्येच ठरवून दिलंय. तुम्ही पूर्ण मेंटेनन्सवर १० टक्के काढलेत, सिंकिंग फंडासकट. एप्रिलमध्ये मेल केला होता.

शहा खजिनदार (८:५३): नोटेड.

केदार ५०२ लीड्स (८:५३): एप्रिलमध्येही हेच उत्तर आलं होतं. नोटेड.

देशमुख ४०१ (८:५४): आधी भाडेकरूंना सांगा रात्री १ ला फर्निचर ओढू नका. ते पण नोट करा.

राणे १०१ (८:५५): स्टिल्ट पार्किंग नं. ७. पत्र २ जुलै.

पराडकर बाई ३०३ (९:०२): मी इंग्रजी शिकवलंय, म्हणून गप्प बसवत नाही. नितीन, रागावू नकोस. ‘लीकेज वॉज मिनिटेड’ हे वाक्यच लंगडं आहे. गळती मिनिट करता येत नाही. सभेत जे बोललं गेलं किंवा ठरलं ते मिनिट करतात. तक्रार, हरकत, निर्णय, कुणाचा विरोध. ‘द कम्प्लेंट वॉज मिनिटेड’ चालेल. ‘आय वॉन्ट माय डिसेंट मिनिटेड’ हे तर उत्तम. पान ४ वर ‘मिनिटेड अबाउट द डॉग’ आहे. अबाउट नको. ‘डिस्कस अबाउट’ चुकीचं तसंच हे. आणि पान ५ वर ‘मिनिटेड डाउन’. डाउन नोटला लागतो, राइटला लागतो. मिनिटला नाही.

कुत्रावाले ६०१ (९:०४): डॉगवर नक्की काय मिनिट केलंय? मी सभेला नव्हतो.

देशमुख ४०१ (९:०४): लिफ्टमध्ये काय केलं ते.

कुत्रावाले ६०१ (९:०५): पुसलं होतं मी. फोटो आहे पुसल्यानंतरचा.

अमोल ६०३ (९:०६): आधीचा पण आहे माझ्याकडे 😀

पराडकर बाई ३०३ (९:०७): मुलांनो, विषय गळतीचा आहे.

श्रेया ५०१ (९:०९): बाई, मग नोटेड आणि मिनिटेडमध्ये फरक काय? आमच्या कॉलेजच्या कमिटीत दोन्ही वापरतात.

पराडकर बाई ३०३ (९:१४): नोटेड म्हणजे कानावर आलं. ते कुणीही, कधीही, मेसेजवर म्हणू शकतं, शहांसारखं. मिनिटेड फक्त सभेत होतं, वहीत जातं आणि वही पुढची माणसं वाचतात. रेकॉर्डेड दोघांपेक्षा मोठं, त्यात फोनवरचं रेकॉर्डिंगही आलं. रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, रि-कॉर्ड. लॉग म्हणजे वेळ टाकून ओळीने नोंद, आपल्या गेटवरच्या वॉचमनच्या वहीसारखी. आणि रिझॉल्व्ह्ड म्हणजे ठराव झाला. मंगलाला हवंय ते शेवटचं.

सावंत साहेब २०३ (९:१६): बाईंचे बरोबर. कोर्टातही कागद ‘रेकॉर्डवर घेतला’ म्हणजे तो खरा मानला असे नव्हे. फाइलला लागला इतकेच.

मंगला काकू ७०२ (९:१८): म्हणजे माझी गळती फाइलला लागली.

नितीन सेक्रेटरी (९:४१): आत्ता घरी आलो. सगळं वाचलं. मी सेक्रेटरीचं काम हौसेने घेतलेलं नाही, दुसरं कुणी हात वर केला नाही म्हणून घेतलं. १५ दिवसांत ड्राफ्ट सगळ्यांना द्यावा लागतो म्हणून रात्री दीडला टाइप केलं. जुन्या सेक्रेटरींच्या फाइलमधला फॉरमॅट उचलला. त्यात सगळीकडे ‘वॉज मिनिटेड’ होतं, मी फक्त विषय बदलले. इंग्रजी चुकलं असेल तर माफी.

राणे १०१ (९:४३): जुने सेक्रेटरी म्हणजे मी. माझ्या वेळी मिनिट बुक हाताने लिहीत असू. पानांवर नंबर घातलेले. खाडाखोड असेल तिथे सही. ‘मिनिटेड’ मी लिहायचो ते ठरावाखाली, ठरावाऐवजी नाही. फॉरमॅट उचलला, ठराव खाली ठेवला.

नितीन सेक्रेटरी (९:४४): काका मला वाटलं तोच ठराव.

राणे १०१ (९:४६): ते बुक पाहायला मागितले होते. सहकारी संस्थांच्या १९६०च्या कायद्याने सभासदाचा हक्क आहे. ऑफिस बंद, चावी चेअरमनकडे, चेअरमन नाशिकला. आणि स्टिल्ट पार्किंग नं. ७.

चेअरमन देसाई (९:४९): नाशिकहूनच वाचतोय. गच्चीवर चर्चा झाली, हे मान्य. निर्णय झाला नव्हता. मी म्हणालो बघू.

मंगला काकू ७०२ (९:५०): बघू नाही म्हणालात. तीन कोटेशनं घ्या म्हणालात. मी पहिल्या रांगेत होते.

चेअरमन देसाई (९:५१): वहिनी, मत म्हणून म्हणालो असेन.

अमोल ६०३ (९:५२): माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.

चेअरमन देसाई (९:५२): परवानगी कुणी दिली?

अमोल ६०३ (९:५३): देसाई काका, वाढदिवसाच्या केकचं करत होतो, मागे तुमचा आवाज आलाय.

अमोल ६०३ (९:५५): ऑडिओ ०:४८

श्रेया ५०१ (९:५८): ऐकलं. देसाई काका: ‘घ्या की तीन कोटेशनं, कोण नाही म्हणतंय? दिवाळीआधी कमिटीपुढे ठेवा.’ मग खुर्च्यांचे आवाज. पराडकर बाई: ‘हे मी सुचवते, लिहून घ्या.’ मग राणे काका: ‘माझं अनुमोदन.’ मग केक.

राणे १०१ (९:५९): माझे अनुमोदन पार्किंगला होते.

पराडकर बाई ३०३ (१०:०१): राणे, पार्किंगचा विषय तेव्हा आलाच नव्हता. तुम्ही नंतर आणलात, प्लेट हातात घेऊन.

राणे १०१ (१०:०३): बरे. गळतीला दिले असेल. चुकीच्या कामाला तर दिले नाही ना.

सावंत साहेब २०३ (१०:०८): मग सूचक आहे, अनुमोदक आहे, विरोध कुणाचा नाही. ठराव झाला. टाइप करताना राहिला. नितीन, घाबरू नका. ड्राफ्ट अजून कच्चा आहे, सभासदांनी १५ दिवसांत लेखी हरकती द्यायच्या आणि मगच कमिटीने अंतिम करायचा, असे सोसायटीच्या नियमांत, म्हणजे उपविधींतच आहे. मात्र एक ध्यानात असू द्या. सभेत जे झाले तेच दुरुस्त करता येते. आज सुचलेले मागच्या सभेत घालता येत नाही. देशमुखांचा टँकर त्यात शिरवू नका.

देशमुख ४०१ (१०:०९): मी काही बोललो का

शहा खजिनदार (१०:११): वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या खर्चाने का? ७०२चं काम ७०२ने करावं. गेल्या वर्षी ३०४ने स्वतःच्या खर्चाने केलं.

सावंत साहेब २०३ (१०:१३): ३०४चे पाणी वरच्या बाथरूममधून होते, तो दोन घरांचा मामला. इथे पावसाचे आहे, गच्चीतून. गच्ची दुरुस्ती आणि पावसाची गळती उपविधींप्रमाणे सोसायटीचा खर्च. शहाभाई, आपण खजिनदार आहात.

शहा खजिनदार (१०:१४): नोटेड.

केदार ५०२ लीड्स (१०:१४): 😀😀

मंगला काकू ७०२ (१०:१६): नितीन, ही माझी लेखी हरकत समज. कागदावर उद्या देते. आणि मराठीत लिही बाबा. इंग्रजीत गळती कुणाच्याच डोक्यावर पडत नाही.

गुड नाइट ग्रुप ५०४ (१०:१७): फॉरवर्डेड: थेंबे थेंबे तळे साचे. बचतीची सवय लावा. शुभ रात्री 🌙

अमोल ६०३ (१०:१७): काकूंच्या बेडरूममध्ये साचलंय ऑलरेडी

मंगला काकू ७०२ (१०:१८): अमोल तुझ्या आईला सांगते.

नितीन सेक्रेटरी (१०:३४): दुरुस्त मसुदा, पान ३. बघून सांगा.
‘गच्चीतून ७०२च्या बेडरूममध्ये पावसाचे पाणी गळते, अशी तक्रार ७०२च्या सभासदांनी मांडली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन मागवून दिवाळीपूर्वी कमिटीपुढे ठेवावीत असे ठरले. जबाबदारी: सेक्रेटरी. सूचक ३०३, अनुमोदक १०१. ठराव एकमताने मंजूर.’

पराडकर बाई ३०३ (१०:३६): स्वच्छ. एकही अबाउट नाही.

चेअरमन देसाई (१०:३८): ‘असे ठरले’ ऐवजी ‘अशी सूचना आली’ केलं तर?

सावंत साहेब २०३ (१०:३९): ऑडिओ ०:४८.

चेअरमन देसाई (१०:४१): ठीक आहे. राहू दे.

मंगला काकू ७०२ (१०:४२): ‘गळते अशी तक्रार’ का? तक्रार काढ. गळते.

सावंत साहेब २०३ (१०:४४): वहिनी, सभेच्या वहीत कोण काय म्हणाले तेच येते. ‘गळते’ असे सोसायटीने स्वतः लिहायचे तर आधी कुणी बघून यावे लागेल.

मंगला काकू ७०२ (१०:४५): ८:१७ ला तेच म्हणाले होते. वर ये.

राणे १०१ (१०:४६): स्टिल्ट पार्किंग नं. ७. पत्र २ जुलै.

नितीन सेक्रेटरी (१०:४७): राणे काका, मिनिटेड 🙏

राणे १०१ (१०:४७): मिनिटेड नको. नाव आणि तारीख टाक.

नितीन सेक्रेटरी (१०:४९): टाकतो काका. आत्ता लिफ्टपाशी आहे, ७०२ला चाललोय.

मंगला काकू ७०२ (१०:५०): दार उघडंच आहे. चहा टाकलाय. चप्पल बाहेर काढू नकोस, बेडरूमभर पाणी आहे.