अनुभव धागा: अमेरिकेतलं वाळवंट, भाड्याची गाडी आणि शेजारच्या सीटवरचा मित्र

हिवाळ्यात मैत्रिणीबरोबर वेगासहून डेथ व्हॅलीला जायचं घाटतंय. हॉटेलं, नकाशे नेटवर सापडतात. मला ऐकायचंय ते वेगळं: कोणाबरोबर गेलात, कुठे अडकलात, कशावरून वाजलं? नवरा-बायकोच्या ट्रिपा इथे नकोत, त्या भांडणांना स्वतंत्र धागा लागेल.

*

हिवाळ्यात चाललात हे बरंय. आम्ही शहाणे जुलैत गेलो, लॉस एंजेलिसहून. वाटेत बेकर गावात १३४ फुटी थर्मामीटर उभा आहे. १० जुलै १९१३ ला डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १३४ फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदलं गेलं, म्हणून तेवढी उंची. (त्या नोंदीवर काही हवामानतज्ज्ञांना शंका आहे. आम्हाला तिथे उभं राहिल्यावर अजिबात नव्हती.)

डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानात समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली उभे असतो आपण. मागच्या कड्यावर, मान पार मोडेल इतक्या वर 'सी लेव्हल' अशी छोटी पाटी लावलीये. मिठावर चालून परत आलो तर गाडीच्या दाराला हात लावेना. मित्राने टोपीने हँडल धरून दार उघडलं.

खरं वाजलं ते परतताना. चढावर 'इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा' अशी पाटी येते. मित्र मेकॅनिकल इंजिनीअर, त्यात पुण्याचा, त्यामुळे पाटीवर नितांत श्रद्धा. त्याने एसी बंद केलाच, वर इंजिनची उष्णता बाहेर काढायला हीटर लावला! शास्त्र बरोबर आहे हो त्याचं. पण माथ्यावर पोचेपर्यंत मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही.

*

आमचं घड्याळावरून झालं. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. ॲरिझोना करत नाही, पण त्यातलाच नवाहो नेशनचा (नवाहो या मूळनिवासी जमातीचा) भाग करतो. आणि नवाहोंच्या मधोमध असलेली होपी ही दुसरी जमात करत नाही. फोन कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ बदलत होती. नवाहोंच्या मॉन्युमेंट व्हॅलीहून ॲरिझोनातल्या पेज गावाला आलो तर तासभर हाताशी आला, कारण पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद घळ नवाहोंच्या जमिनीवर असूनही तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. कॉलेजपासून प्रत्येक सिनेमाचा पहिला सीन बुडवणारा माझा मित्र जन्मात पहिल्यांदा वेळेआधी पोचला आणि ते स्वतःचं कर्तृत्व समजून दिवसभर मिरवत होता.

कॅन्यनमध्ये गाइडशिवाय जाता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोपला पुराच्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले. पाऊस तिथे नव्हे, वरच्या अंगाला कित्येक मैल लांब पडला होता. हे कळल्यावर निळंभोर आकाश बघूनही खात्री वाटेनाशी होते.

*

न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स कुणी लिहिलं नाही अजून? ती वाळू म्हणजे जिप्सम, भर दुपारीही पायाला गार लागते. आम्ही दोघी घसरगाडीवरून पोरांसारख्या घसरलो. शेजारीच क्षेपणास्त्रांची चाचणी होते, तेव्हा रस्ता काही वेळ बंद ठेवतात, आधी चौकशी करून निघा. लास क्रूसेसकडे जाताना बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीचा कागद) जवळ हवंच. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून उपयोग नाही.

*

मी साठी ओलांडलेली, मैत्रीण माझ्याच वयाची, फिनिक्सला असते. टूसॉनला सग्वारो बघायला निघालो होतो. (या निवडुंगाला पहिला हात फुटायला पन्नासएक वर्षं सहज लागतात. मैत्रीण म्हणाली, "आपल्याला अजून फुटायचेत.") आय-१० महामार्गावर समोरून धुळीची भिंत आली. तिने गाडी रस्त्यापासून जमेल तितकी लांब घेतली, सगळे दिवे बंद केले, हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. मी ओरडले, "अगं, दिवे लाव, कुणी ठोकेल!" ती शांत. मागचे दिवे दिसले की मागून येणाऱ्याला वाटतं रस्ता तिकडेच आहे, आणि तो थेट आपल्यावर येतो. म्हणून ब्रेकचा दिवासुद्धा नको.

काचेवर वाळू तडतडत होती, बाहेर काही दिसेना. तिने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या! "खा, नाहीतर नुसतं देवाचं नाव घेत बसशील." धूळ सरली, मग पाऊस आला आणि क्रिओसोटच्या झुडपांचा तो उग्र वास. तिला फार आवडतो. मला डांबरासारखा वाटला, तिला सांगितलं नाही.

*

माझं छोटंसं. डेथ व्हॅलीत शिरण्याआधी बाहेरच्या पारंप किंवा बीटी गावात टाकी भरा, आत पेट्रोल फार महाग. पाणी माणशी दिवसाला किमान एक गॅलन, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, रेंज जवळपास नसतेच. आमच्याकडे हिशेब मित्राकडे होता. "आत भरू रे" असं म्हणाला, आत भरली, पैसे मी दिले. त्या टाकीचे अजून आलेले नाहीत. तो हा धागा वाचतो.