क्वेस्ट ३ साठी घरगुती फेस ट्रॅकर: बोर्ड, कॅमेरा, एलईडी कुठले घ्यावेत?

पाषाणकर_व्हीआर

क्वेस्ट ३ (मेटाचा व्हीआर हेडसेट) साठी तोंडाच्या हालचाली टिपणारा ट्रॅकर घरीच जुळवायचा आहे. ओठ, जबडा, गाल आणि जीभ एवढं पुरे, डोळ्यांचं पुढे बघू. व्हीआरचॅट (अवतार घेऊन गप्पा मारायचं अ‍ॅप) पीसीवर चालतं, हेडसेट लिंक केबलने जोडलेला असतो. कॅमेऱ्याच्या चित्रावरून तोंडाच्या हालचाली ओळखणारं सॉफ्टवेअर प्रोजेक्ट बॅबलचं. अडलंय ते सुट्या भागांपाशी.

१. ईएसपी३२-कॅम हा कॅमेऱ्याचा छोटा बोर्ड स्वस्त पडतो. तो चालेल, की शाओ ईएसपी३२-एस३ सेन्सच घ्यावा?
२. ओव्ही२६४० या कॅमेरा सेन्सरच्या एकाच नावाखाली ६५०, ८५०, ६६ अंश, १६० अंश, २१ मिमी, ७५ मिमी असे ढीगभर प्रकार दिसतात. नक्की कुठला?
३. इन्फ्रारेड एलईडी किती, कुठल्या तरंगलांबीचे, रेझिस्टर केवढा?
४. यातलं पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) काय मिळेल?

सोल्डरिंग येतं, थ्रीडी प्रिंटर हाताशी आहे.

सोल्डर_आणि_चहा

बोर्डाचं आधी संपवतो, कारण त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही. शाओ सेन्स घ्या.

ईएसपी३२-कॅमवर यूएसबी पोर्टच नसतो. फर्मवेअर (बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) टाकायला वेगळा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो आणि दर वेळी जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडला जोडावी लागते. वायरने चित्र पाठवायचं म्हटलं तर सगळा भार त्या सिरियलवर येतो. नेहमीच्या १,१५,२०० बॉडला सेकंदाला जेमतेम ११ किलोबाइट जातात, म्हणजे २४० बाय २४० च्या साधारण ५ किलोबाइटच्या दोन फ्रेम. वेग चढवता येतो, पण मग कन्व्हर्टर चांगला हवा, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. एस३ चिपमध्ये यूएसबी आतच आहे, १२ मेगाबिटची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ३०० किलोबाइट, सुमारे अडीच मेगाबिट. आरामात मावतं. शिवाय ८ एमबी पीएसरॅम (जादा मेमरी) आणि २१ बाय १८ मिमीच्या आत बसणारा आकार.

तुमचा हेडसेट तसाही केबलवर आहे, तेव्हा ट्रॅकरची वायर त्याच केबलला वेल्क्रोने बांधून पीसीपर्यंत न्या. वायफायच्या नादी लागू नका. एस३ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि फ्लॅटमध्ये आजूबाजूचे डझनभर राउटर त्याच पट्ट्यात कोंबलेले असतात. चित्र अडखळतं, वर बोर्डही जास्त तापतो. वायफाय वापरायचंच झालं तर सोबत आलेला अँटेना लावल्याशिवाय काही होणार नाही, तो बरेच जण पाकिटातच विसरतात.

केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची नको. लांबी ३ मीटरपर्यंत ठेवा. त्यापुढे पातळ तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा सुरू होताना बोर्ड रीसेट होत राहतो. मग लोक फर्मवेअरला शिव्या देतात.

तांबडा_उजेड

बोर्ड कोणीही निवडेल हो. ट्रॅकर बिघडतो तो लेन्स आणि उजेडात.

सूचीतल्या ६५० आणि ८५० चा अर्थ आधी समजून घ्या. ६५० म्हणजे लेन्समध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर आहे, ६५० नॅनोमीटरच्या पुढचा उजेड सेन्सरपर्यंत पोचतच नाही. ८५० म्हणजे तो फिल्टर नाही, इन्फ्रारेड आत येतो. शाओसोबत येणारा कॅमेरा पहिल्या जातीचा. एलईडी कितीही लावा, चित्र काळंच राहणार. तुम्हाला हवा १६० अंश, ८५० नॅनोमीटर.

१६० अंश का, तर कॅमेरा तोंडापासून ४ ते ६ सेंमीवर बसतो. ६६ अंशांच्या लेन्सला ५ सेंमीवर जेमतेम साडेसहा सेंमीचा कर्ण दिसतो. त्यात ओठ येतात, पण हनुवटी आणि गाल कापले जातात. जबडा उघडला की खालचा ओठच चौकटीबाहेर. नाकाच्या टोकाखालपासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही गालांचा काही भाग एवढं दिसायलाच हवं.

फोकस हा पुढचा खड्डा. लेन्स लांबचं दिसावं म्हणून कारखान्यात बसवून डिंकाच्या थेंबाने पक्की केलेली असते. जवळचं स्पष्ट हवं तर लेन्स सेन्सरपासून किंचित दूर, म्हणजे सोडवायच्या दिशेने फिरवावी लागते. डिंक ब्लेडच्या टोकाने खरवडा, मॉड्यूलची चौकट चिमट्यात धरा, रिबनवर जोर येऊ देऊ नका. ५ सेंमीवर छापील कागद ठेवून लाइव्ह चित्र बघत अष्टमांश फेरा, पुन्हा बघा, असं करा. १६० अंशांच्या लेन्सला जवळचं-लांबचं बरंच एकदम स्पष्ट दिसतं, त्यामुळे बहुधा थोडक्यात भागतं.

रिबन (कॅमेऱ्याला बोर्डाशी जोडणारी चपटी पट्टी) २१ मिमीची घ्या. ७५ मिमीची सोयीची वाटते, पण कॅमेऱ्याचा क्लॉक २० मेगाहर्ट्झचा आहे, आणि लांब रिबनवर चित्रात रेघा आणि फाटलेल्या फ्रेम येऊ लागतात. बोर्डच कॅमेऱ्याजवळ न्या. त्याचा आणखी एक फायदा खाली लिहितो.

सेन्सर बघून घ्या. हल्ली शाओ सेन्ससोबत ओव्ही३६६० सुद्धा येतो, तोही चालतो, लेन्सचा नियम तोच. ओव्ही५६४० च्या जास्त मेगापिक्सेलला भुलू नका. सॉफ्टवेअर शेवटी छोटं, काळंपांढरं चित्र वापरतं, आणि तो सेन्सर नाकाखाली शेगडीसारखा तापतो.

कोथरूड_मेकर

एलईडी ९४० नॅनोमीटरचे घ्या, ते डोळ्याला अजिबात दिसत नाहीत. दोन सिरीजमध्ये ३.३ व्होल्टवर, ३३ ओहम लावून. सोपं काम.

तांबडा_उजेड

दोन्ही नको.

९४० ला हा सेन्सर बराच कमी संवेदनशील आहे. चित्र अंधुक झालं की ऑटो-एक्स्पोजर शटर जास्त वेळ उघडं ठेवतं, फ्रेम घटतात आणि जीभ हलली की नुसता धूर दिसतो. ८५० चा मंद तांबडा ठिपका दिसतो, पण हेडसेट घातल्यावर तो बघणार कोण?

आता सर्किट. ८५० च्या एलईडीवर साधारण १.४५ व्होल्ट पडतात. दोन सिरीजमध्ये म्हणजे २.९, आणि ३.३ मधून रेझिस्टरसाठी उरले ०.४ व्होल्ट. एलईडीचं व्होल्टेज तापमानाने किंवा लॉटनुसार ०.१ ने सरकलं तरी प्रवाह पाव हिश्शाने बदलतो. बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून घ्या. उरतात २.१ व्होल्ट, २२० ओहमला साडेनऊ मिलीअँपिअर. केबलमध्ये पडून ४.६ व्होल्टच आले तरी पावणेआठ मिळतात. अशा दोन माळा समांतर, प्रत्येकीला स्वतंत्र रेझिस्टर, एकूण चार एलईडी. पुरतात.

२२० चा एक लावण्याऐवजी १०० आणि १२० सिरीजमध्ये लावा. सोल्डरचा थेंब सांडून एक शॉर्ट झाला तरी दुसरा प्रवाह २० मिलीअँपच्या आसपास रोखून धरतो. इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणून बाहुली आकसत नाही की पापणी मिटत नाही, डोळ्याची नैसर्गिक ढाल इथे कामाला येत नाही. आयईसी ६२४७१ या दिव्यांच्या सुरक्षिततेच्या मानकात दीर्घकाळासाठीची मर्यादा चौरस मीटरला १०० वॉट, म्हणजे चौरस सेंमीला १० मिलीवॉट आहे. वरच्या हिशोबात आपण त्याच्या पुष्कळ खाली राहतो, तसंच राहू द्या. सीसीटीव्हीचे इन्फ्रारेड दिवे उसवून चेहऱ्याशी लावायचा उद्योग कृपया कोणी करू नये.

एलईडी रुंद कोनाचे हवेत, १२० अंशांचे एसएमडी (बोर्डावर सपाट बसणारे) उत्तम. ५ मिमीचे गोल डोक्याचेच मिळाले तर डोकं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासून दुधी करा, नाहीतर ओठांवर पांढरे डाग पडतात आणि बाकी तोंड काळं. कॅमेऱ्याच्या डावी-उजवीकडे दोन-दोन, लेन्सपासून दीडेक सेंमी लांब, रोख तोंडाकडे.

सोल्डर_आणि_चहा

बाजाराचं. रेझिस्टर, पातळ सिलिकॉन वायर, हीट श्रिंक, परफबोर्ड, केबल हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं. इन्फ्रारेड एलईडीही मिळतात, पण सुट्या पुडीवर तरंगलांबी लिहिलेली असेलच असं नाही. घरी अंधारात, हाताच्या अंतरावरून १० मिलीअँपवर क्षणभर लावून बघा: तांबडा ठिपका दिसला तर ८५०, काहीच नाही पण फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट दिसलं तर ९४०. मागच्या कॅमेऱ्याने तपासू नका, त्यात फिल्टर तगडा असतो. बोर्ड आणि १६० अंशांचा कॅमेरा मात्र ऑनलाइनच. कॅमेरे दोन मागवा, रिबनचं टोक एकदा दुमडलं की संपलं.

पाषाणकर_व्हीआर

धन्यवाद दोघांनाही. यूएसबी कॅमेरा मॉड्यूलबद्दल कोणीच बोललं नाही. आणि ब्रॅकेट काळ्या पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) छापला तर चालेल ना? दाढी आहे, तिचा त्रास होईल का?

जुनी_सांगवी_३डी

यूएसबी मॉड्यूल चालतं. ओव्ही९२८१ सारखा काळापांढरा, ग्लोबल शटरचा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) सेन्सर इन्फ्रारेडला ओव्ही२६४० पेक्षा सरस. पण पाटी बहुधा ३२ किंवा ३८ मिमी चौकोनी, ती हनुवटीला आपटते, आणि किंमतही चढी. डोळ्यांसाठी विचार करा, तोंडासाठी गरज नाही.

पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत राहिला तर ब्रॅकेट वाकलाच म्हणून समजा. पीईटीजी वापरा, ते प्लास्टिक जास्त उष्णता सोसतं. दुसरं म्हणजे काळं दिसणारं प्लास्टिक इन्फ्रारेडला काळं असतंच असं नाही. काही काळे रंग ८५० ला काचेसारखे पार जाऊ देतात. मग एलईडीचा उजेड भिंतीतून थेट लेन्समध्ये येतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा चढतो. छापलेला तुकडा एलईडीसमोर धरून सेल्फी कॅमेऱ्यात बघा. पार दिसला तर लेन्स आणि एलईडीच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, फक्त ती सोल्डरच्या टोकांना टेकू देऊ नका.

कॅमेऱ्याचा कोन पक्का छापू नका. एम३ स्क्रूचा सांधा ठेवा, १५-२० अंश इकडेतिकडे करता आलं पाहिजे. सगळं मिळून ३० ग्रॅमच्या आत ठेवा, हेडसेट आधीच पुढे जड आहे.

पावसाळ्यात श्वासाने लेन्सवर वाफ धरते. नाकपुड्यांच्या सरळ रेषेतून कॅमेरा थोडा पुढे आणि खाली घ्या. बोर्ड कॅमेऱ्यालगत बसवला तर त्याच्या उबेने लेन्स कोरडी राहते, वर म्हटलेला फायदा बहुधा हाच. एलईडीच्या सोल्डरवर नेलपॉलिशचे दोन हात द्या, घामाने तांबं हिरवं पडतं.

दाढीचं म्हणाल तर केस इन्फ्रारेडमध्ये बऱ्यापैकी उजळ दिसतात, त्यामुळे ओठांची कड पुसट होते. ओठावर येणारी मिशी कातरा, बाकी राहू द्या. कॅलिब्रेशन मात्र त्याच दाढीवर करा.

तांबडा_उजेड

हो, तोच फायदा.

जोडून झाल्यावर या क्रमाने तपासा. फर्मवेअर क्रोम किंवा एजमधून टाका. पोर्ट दिसत नसेल तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरून केबल लावा. सिरियल मॉनिटरवर ०एक्स१०५ ही चूक आली तर कॅमेरा सापडलेला नाही: दहातल्या नऊ वेळा रिबन तिरकी बसलेली असते. लॅच उघडा, रिबन सरळ आत सरकवा, बंद करा. चित्र आलं की आधी खोलीतले दिवे बंद करून बघा, मग चालू करून. फरक पडत असेल तर बाहेरचा उजेड शिरतोय. एलईडी बल्ब फारसे नडत नाहीत, खिडकीतलं ऊन आणि जुने पिवळे बल्ब नडतात.

एवढं झाल्यावर बॅबलमध्ये चौकट कापा, चित्र उलटं असेल तर फिरवा. शेवटी व्हीआरचॅटच्या मेनूतून ओएससी (दुसऱ्या अ‍ॅपकडून हालचालींचा डेटा घेणारी सोय) चालू करा. ते ९००० क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर ऐकतं, तिथे दुसरं कुठलं अ‍ॅप बसलेलं नाही ना बघा. बॅबलमध्ये पट्ट्या हलतायत पण अवतार ढिम्म, असं झालं तर हार्डवेअर उकलत बसू नका. अवतारात फेस ट्रॅकिंगचे पॅरामीटर आहेत का ते तपासा, आणि अवतार नुकताच बदलला असेल तर ओएससीची कॉन्फिग रीसेट करा.