दोष एकट्या टायटस ओट्सचा नव्हता

कॅथलिकांनी राजा दुसऱ्या चार्ल्सच्या खुनाचा कट रचलाय, अशी थाप टायटस ओट्सने १६७८ मध्ये प्रोटेस्टंट इंग्लंडमध्ये पसरवली. ओट्सच्या थापांमुळे निरपराध कॅथलिक फासावर गेले, असं म्हणतात आणि ते खरंच आहे. पण खोटं बोलणारे प्रत्येक काळात असतात. १६७८ नंतर त्या थापा जीवघेण्या ठरल्या त्या खटल्याच्या पद्धतीमुळे, असं मला वाटतं.

राजद्रोहाच्या आरोपीला साक्षीपुराव्यावर बाजू मांडायला वकील मिळत नसे. आरोपपत्राची प्रत आधी हातात पडत नसे. त्याच्या साक्षीदारांना शपथ दिली जात नसे, त्यामुळे सरकारी साक्षीदाराच्या शब्दापुढे त्यांचा शब्द हलका ठरे. त्यात कॅथलिक असेल तर संशय आधीच पक्का!

आयर्लंडमधल्या आर्माघचे कॅथलिक आर्चबिशप (वरिष्ठ धर्मगुरू) ऑलिव्हर प्लंकेट यांचं उदाहरण घ्या. आयर्लंडमध्येच डंडॉकला त्यांच्यावरचा राजद्रोहाचा खटला उभाच राहिला नाही, कारण फिर्यादी साक्षीदार आले नाहीत. मग त्यांना लंडनला आणलं. बचावाचे साक्षीदार आणि कागदपत्रं समुद्रापलीकडे. मुदत मिळाली पाचेक आठवड्यांची, ती पुरली नाही. वाढवून मागितली, तर नकार. ज्यूरीने पाव तासात दोषी ठरवलं आणि १ जुलै १६८१ रोजी टायबर्नला, म्हणजे लंडनच्या फाशीच्या जागी, त्यांना मारलं. हे वाचताना आजही संताप येतो.

ओट्सला १६८५ मध्ये खोट्या साक्षीबद्दल फटके आणि कैद झाली. राजद्रोहाच्या आरोपीला वकील, आरोपपत्राची प्रत आणि शपथेवरचे साक्षीदार हे हक्क कायद्याने मिळाले ते मात्र १६९६ मध्ये.